पाडकामाचा राडारोडा पुन्हा वापरात कसा आणायचा: पहिल्यांदा हे काम हाती घेणाऱ्यांसाठी

इमारत उभी असते तेव्हा तिच्यातलं सगळं साहित्य नीट वेगवेगळं लावलेलं असतं. विटा भिंतीत, सळया काँक्रीटच्या पोटात, तारा पाइपात, लाकूड चौकटीत, काच तावदानात. यंत्र लावून ती एका दुपारी आडवी केली की हे सगळं एकमेकांत कालवलं जातं आणि जे उरतं त्याला आपण राडारोडा म्हणतो. त्या ढिगातलं साहित्य आदल्या दिवशी होतं तेवढंच असतं. गेलेलं असतं ते त्याचं वेगळेपण, आणि एकदा गेलेलं वेगळेपण परत आणणं हे या धंद्यातलं सगळ्यात महागडं काम आहे.

म्हणून या लेखात क्रशरपेक्षा, म्हणजे राडारोडा फोडून खडी करणाऱ्या यंत्रापेक्षा, जास्त जागा त्याच्या आधीच्या कामाला दिली आहे. नव्या माणसाला वाटतं की पुनर्वापर म्हणजे मोठं यंत्र आणणं. प्रत्यक्षात मालाचा दर्जा यंत्रापर्यंत पोचण्याआधीच ठरलेला असतो. माती, जिप्सम आणि प्लास्टिक मिसळलेल्या ढिगातून कोणताही क्रशर स्वच्छ खडी काढून देत नाही. तो त्या मिश्रणाचे बारीक तुकडे करतो, एवढंच.

घर पाडून नवं बांधणारे मालक, छोटे ठेकेदार, साइटवर नव्याने रुजू झालेले सुपरवायझर आणि राडारोड्यावर प्रक्रिया करण्याचा विचार करणारे, अशा सगळ्यांना उपयोगी पडेल या बेताने पायऱ्या सांगतो.

पायरी १: इमारत उभी असतानाच यादी करा

वही, टेप आणि कॅमेरा घेऊन प्रत्येक खोलीत जा. जे दिसतं ते तीन प्रकारांत लिहा: आहे तसं काढून पुन्हा वापरता येईल असं (दारं, खिडक्या, चौकटी, फरशा, कौलं, लोखंडी जाळ्या, नळ, बेसिन), फोडून किंवा वितळवून नवा माल करता येईल असं (काँक्रीट, वीट, सळया, तांबं, अ‍ॅल्युमिनियम), आणि आरोग्याला घातक असं. तिसऱ्या प्रकाराबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

यादीबरोबर वजनाचा अंदाजही काढा. हिशोब अवघड नाही. समजा ४ मीटर बाय ३ मीटरची एक खोली आहे, भिंती २३० मिलिमीटर जाडीच्या विटांच्या आणि उंची ३ मीटर. चारी भिंतींची लांबी १४ मीटर, म्हणजे घनफळ साधारण ९.७ घनमीटर. एक दार आणि एक खिडकी वजा केली की ८.९ घनमीटरच्या आसपास राहतं. विटांच्या बांधकामाचं वजन घनमीटरला १.९ टन धरलं तर या भिंतींचे सुमारे १७ टन होतात. वरचा ४.५ बाय ३.५ मीटरचा, १२५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब म्हणजे जवळजवळ २ घनमीटर. आरसीसीचं (सळया घातलेल्या काँक्रीटचं) वजन घनमीटरला २.५ टन, म्हणजे आणखी ५ टन. एका खोलीचे असे २२ टन, आणि यात पाया, जमीन, गिलावा काहीच धरलेलं नाही. स्लॅबमध्ये घनमीटरला ८० ते १०० किलो सळई धरली तर तीही दीड-दोन क्विंटल निघेल.

आता एक गोष्ट नवखे हमखास विसरतात. फोडलेला माल फुगतो. उभ्या भिंतीचं जेवढं घनफळ, त्याच्या साधारण दीडपट जागा तिचा ढीग व्यापतो. या एका खोलीसाठी १६ घनमीटर जागा हवी. गाड्या किती लागतील आणि ढीग कुठे राहतील हे या आकड्यावरून ठरवा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी जागा संपते आणि सगळे ढीग एकमेकांवर चढतात.

याच वेळी जुने नकाशे मिळतात का पाहा. स्लॅब किंवा बीममध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतील, म्हणजे बांधकाम प्रीस्ट्रेस्ड असेल, तर ते कापताना केबल प्रचंड जोराने सुटते आणि माणूस मरू शकतो. अशा बांधकामाला आणि कोणत्याही भार वाहणाऱ्या भिंतीला स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सल्ल्याशिवाय हात लावू नका. पाडकामाची परवानगी, राडारोडा कुठे टाकायचा याचे नियम आणि प्रक्रिया केंद्राचा पत्ता ही माहितीही स्थानिक प्रशासनाकडून आधीच घेऊन ठेवा.

पायरी २: घातक गोष्टी सगळ्यात आधी बाहेर

पहिलं नाव अ‍ॅस्बेस्टॉस, एक तंतुमय खनिज. जुने सिमेंटचे पन्हाळी पत्रे, पावसाच्या पाण्याचे सिमेंटचे पाइप, गरम पाण्याच्या पाइपांवरचं आवरण, काही जुन्या फरश्या आणि त्यांच्याखालचा डांबरी चिकटा, अशा अनेक ठिकाणी ते सापडतं. पत्रा अखंड असतो तोवर तंतू सिमेंटमध्ये अडकलेले असतात. फोडला, कापला, घासला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात बसतात. त्यातून होणारे आजार, त्यात कॅन्सरही आला, दशकांनंतर उमटतात. त्यामुळे आज कामावर असलेल्या माणसाला काहीच झालं नाही, याचा अर्थ धोका नव्हता असा होत नाही.

नुसतं बघून अ‍ॅस्बेस्टॉस ओळखता येत नाही. शंका असेल तर तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि निकाल येईपर्यंत ते अ‍ॅस्बेस्टॉसच आहे असं धरून वागा. काढायचं काम प्रशिक्षित माणसांचं आहे: पत्रा पाण्याने भिजवायचा, बोल्ट सोडवून अखंड उतरवायचा, जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळायचा, वर ठळक लिहायचं आणि घातक कचऱ्याच्या अधिकृत ठिकाणी पाठवायचा. अ‍ॅस्बेस्टॉसचा पुनर्वापर नाही. पत्र्याचा एक तुकडा क्रशरमध्ये गेला तर तो सगळा ढीग बाद होतो, आणि हे वाक्य मी शब्दशः लिहितो आहे.

दुसरं, जुना रंग. शिशाचे रंग पूर्वी सर्रास वापरात होते. अशा रंगाचं दार किंवा खिडकी कोरडी घासू नका, जाळू तर अजिबात नका. तिसरं, जुन्या ट्यूबलाइट आणि सीएफएल दिवे. यांत पारा असतो, म्हणून न फोडता खोक्यात भरा. चौथं, रसायनं पाजलेलं लाकूड. काही जुन्या खांबांना आणि बाहेरच्या लाकडांना तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण दिलेलं असतं. त्यावर हिरवट छटा दिसते, पण उन्हापावसात ती उडून जाते, म्हणून रंगावर फार विसंबू नका. ते जाळलं तर आर्सेनिक धुरात आणि राखेत येतं. याखेरीज तेलाचे डबे, बॅटऱ्या आणि एसी-फ्रिजमधला गॅस यांसाठी वेगळी माणसं, वेगळी गाडी.

हे सगळं बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत हातोडा उचलू नका.

पायरी ३: बांधलं त्याच्या उलट क्रमाने उतरवा

वीज, पाणी आणि गॅस तोडल्याचं लेखी घ्या. त्यानंतर क्रम असा: सुटं सामान आणि फिटिंग, मग तारा आणि पाइप, मग दारं-खिडक्या चौकटींसह, मग छताखालचं फॉल्स सीलिंग आणि जिप्समच्या भिंती, मग फरशी, मग कौलं किंवा पत्रे, मग भार न वाहणाऱ्या भिंती, आणि शेवटी सांगाडा वरून खाली. जे शेवटी लागलं ते आधी निघतं.

या क्रमातलं सर्वात दुर्लक्षित पाऊल जिप्समचं आहे. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. काँक्रीटच्या खडीत ते मिसळलं आणि ती खडी नव्या सिमेंटमध्ये गेली, तर सल्फेटची सिमेंटशी अभिक्रिया होऊन आतले स्फटिक फुगतात आणि काँक्रीटला तडे जातात. सिमेंट घालून घट्ट केलेला रस्त्याचा थरही याच कारणाने उचलला जातो. दुसरीकडे, ओल्या भरावात हवा न पोचणाऱ्या जागी जिवाणू त्याच सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. सडक्या अंड्याच्या वासाचा हा वायू विषारी आहे. उलट हेच जिप्सम बोर्ड कोरडे, स्वच्छ आणि वेगळे ठेवले तर कारखान्यात त्यांचा पुन्हा बोर्ड होतो. साइटवर ताडपत्रीखाली ठेवलेला एक कोरडा ढीग, एवढंच त्यासाठी लागतं.

वेळ कमी आहे म्हणून हा क्रम गुंडाळण्याचा मोह होतो, विशेषतः यंत्राचं भाडं तासावर असतं तेव्हा. माझं मत स्पष्ट आहे: यंत्र उशिरा बोलवा. हाताने सोडवायचं सगळं संपल्याशिवाय ते साइटवर आणूच नका. यंत्र दारात उभं असलं की प्रत्येक जण घाईत असतो आणि चांगल्या सागवानी चौकटी भिंतीबरोबर खाली येतात.

पायरी ४: ढिगांच्या जागा आधी आखा

पहिला घमेलाभर माल खाली यायच्या आत जमिनीवर जागा ठरवा आणि मोठ्या अक्षरांत पाट्या लावा. किमान हे ढीग वेगळे हवेत: काँक्रीट, वीट आणि गिलावा, माती, लोखंड, इतर धातू, लाकूड, काच, जिप्सम, प्लास्टिक आणि उरलेलं. जागा फारच कमी असेल तर लाकूड, प्लास्टिक आणि काच पिंपांत किंवा गोण्यांत ठेवा, पण काँक्रीट आणि वीट एकत्र करू नका. शुद्ध काँक्रीटची खडी आणि विटांचे तुकडे मिसळलेली खडी यांच्या वापरात खूप मोठा फरक आहे, तो पुढे येईल.

ढीग नुसत्या मातीवर टाकले तर गाडी भरताना यंत्राचं बकेट खालची माती खरवडून घेतं. जुनी फरशी किंवा कोबा असलेली जागा काँक्रीटच्या ढिगासाठी राखा. ती जमीन सगळ्यात शेवटी फोडा. कामगारांच्या डब्यांचा आणि चहाच्या कपांचा कचरा यासाठी स्वतंत्र डबा हवा. हे क्षुल्लक वाटतं, पण अन्नाचा कचरा, पिशव्या आणि थर्माकोल हे मालाच्या ढिगात सहज मिसळतात.

पाट्यांपेक्षाही एक माणूस जास्त उपयोगी. ढिगांवर लक्ष ठेवायला रोज एकच व्यक्ती नेमा आणि चुकीचा माल परत पाठवायचा अधिकार तिला द्या. कामगारांना प्रत्येक ढिगाचं पुढे काय होणार तेही सांगा. जिप्सम वेगळं का, हे कळलेला माणूस ते वेगळं ठेवतो.

धुळीबद्दल

ही पायरी नाही. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत चालणारं काम आहे. काँक्रीट, वीट, दगड, वाळू या सगळ्यांत क्वार्ट्झ असतं. ते फोडताना आणि कापताना उडणारी अतिसूक्ष्म सिलिका फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली या धुळीला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं.

उपाय पाण्याचा आहे. ब्रेकर (काँक्रीट ठोकून फोडणारं यंत्र) चालतो तिथे, क्रशरच्या तोंडाशी आणि गाडी भरताना पाण्याचा बारीक फवारा ठेवा. भिंत पाडण्याआधी भिजवा. कोरडा झाडू मारू नका. तोंडावर कापड बांधणं पुरेसं नाही. किमान एन-९५ दर्जाचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसेल असा हवा. काँक्रीटचा ओला चुरा अतिशय अल्कधर्मी असतो, कातडी भाजते, म्हणून हातमोजे आणि बूटही लागतात. हेल्मेट आणि चष्म्याबद्दल वेगळं सांगायला नको.

पायरी ५: एकेका मालाचं काय करायचं

लोखंड आणि धातू: हा सगळ्यात सोपा भाग, कारण भंगाराला गिऱ्हाईक तयार असतं. पोलाद पुन्हा पुन्हा वितळवता येतं. मात्र लोखंडात तांब्याच्या तारा जाऊ देऊ नका. वितळलेल्या पोलादातून तांबं नेहमीच्या शुद्धीकरणाने निघत नाही आणि ते जास्त झालं तर गरम पोलाद लाटताना पृष्ठभागावर भेगा पडतात. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचे स्क्रू, रबर आणि बिजागऱ्या काढून ठेवा. भंगारापासून अ‍ॅल्युमिनियम करायला खनिजापासून करण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, त्यामुळे स्वच्छ मालाला मान असतो. जुन्या सळया हाताने सरळ करून नव्या आरसीसीत वापरायची पद्धत दिसते, ती टाळा. वाकवून-सरळ करून आणि गंजून त्यांची ताकद किती उरली ते कळत नाही.

लाकूड: जुनं, मुरलेलं लाकूड नव्यापेक्षा अनेकदा स्थिर असतं, त्याचं फाकणं-वाकणं कधीच होऊन गेलेलं असतं. खिळे काढताना घाई नको. आत तुटून राहिलेला खिळा सुताराच्या करवतीचं पातं तर फोडतोच, पण तो तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. धातू शोधणारं हातातलं यंत्र स्वस्त नसलं तरी मोठ्या कामात त्याचा खर्च निघतो. वाळवी किंवा बुरशी असलेलं लाकूड चांगल्या गठ्ठ्यात ठेवू नका. प्लायवूड आणि लॅमिनेट साध्या लाकडापासून वेगळे. त्यांत डिंक आणि प्लास्टिक असतं.

विटा: जोड चुन्याचे आहेत की सिमेंटचे, यावर सगळं अवलंबून आहे. चुन्याचा जोड विटेपेक्षा मऊ असतो, छन्नीने किंवा वसुलीच्या धारेने सुटतो आणि वीट अख्खी हाती येते. सिमेंटचा जोड विटेपेक्षा कडक असतो. ओढाल तर वीटच तुटते. म्हणून मोठं काम ठरवण्याआधी दहा-वीस विटा सोडवून पाहा. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला तर आत तडा आहे किंवा भाजणी कच्ची आहे. अख्ख्या विटा रचून ठेवा, अर्ध्या विटा बागेच्या कडा, कट्टे, भरणी यांत जातात.

तुटलेल्या विटांचं मोल मात्र नव्या लोकांना कमी वाटतं. चांगल्या भाजलेल्या विटेची बारीक पूड चुन्याबरोबर हळूहळू अभिक्रिया करून घट्ट होते, आणि सिमेंट येण्याआधी सुरखी म्हणून तीच चुन्यात घालत असत. जुन्या चुन्याच्या बांधकामाच्या दुरुस्तीत तिला आजही जागा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या उद्ध्वस्त शहरांमध्ये विटांचे तुकडे दळून त्यांचं काँक्रीट केलं गेलं आणि त्यातून घरं उभी राहिली. जे वापरता आलं नाही त्याचे डोंगर झाले. बर्लिनमधली टॉयफेल्सबर्ग ही टेकडी अशाच राडारोड्याची आहे.

काच: खिडकीची काच, बाटलीची काच आणि उष्णता सोसणारी काच यांची रचना वेगळी असते, ती सरसकट एकत्र वितळवता येत नाही. अखंड तावदानं पुन्हा वापरा, तुटलेली काच पिंपात वेगळी. सिरॅमिकचा तुकडा काचेत नको.

माती: वरचा सुपीक थर आणि खालचा मुरूम वेगळे काढा. सुपीक माती फार उंच रचू नका, आतली जैविक हालचाल मरते.

पायरी ६: काँक्रीट फोडून खडी करणं

इथे थोडं थांबून समजून घेण्यासारखं आहे.

नव्या काँक्रीटमधली खडी म्हणजे नुसता दगड. जुनं काँक्रीट फोडून मिळालेल्या खडीत दगडाभोवती जुन्या सिमेंट-वाळूचं कवच चिकटलेलं असतं, आणि काही तुकडे तर नुसते कवचाचेच असतात. ते कवच सच्छिद्र आहे. चांगला दगड स्वतःच्या वजनाच्या साधारण अर्धा ते दोन टक्के पाणी शोषतो, तर अशी खडी बहुतेक वेळा तीन ते आठ टक्के. या एका गुणातून बाकी सगळे प्रश्न निघतात. कोरडी खडी थेट मिक्सरमध्ये घातली की ती मिश्रणातलं पाणी पिऊन टाकते, काँक्रीट घट्ट होतं, गवंडी वरून पाणी ओततो आणि ताकद जाते. उपाय साधा आहे: खडी आदल्या दिवशी भिजवा, निथळू द्या, आणि आतून ओली पण वरून कोरडी असताना वापरा. मिक्सरमध्ये आधी खडी, वाळू आणि निम्मं पाणी फिरवून मग सिमेंट, आणि शेवटी उरलेलं पाणी असा क्रम ठेवला तरी चांगला फरक पडतो.

फोडण्याची वाट अशी. मोठे तुकडे ब्रेकरने क्रशरच्या तोंडात मावतील एवढे करा आणि बाहेर आलेल्या सळया कापा. पहिला जॉ क्रशर दोन जबड्यांत दाबून तुकडे करतो. त्यानंतर पट्ट्यावर चुंबक सळयांचे उरलेले तुकडे उचलतं. मग हाताने वेचणारी माणसं लाकूड, प्लास्टिक, कापड काढतात. दुसरा, इम्पॅक्ट क्रशर आपटून फोडतो. त्याने बरंचसं कवच सुटतं आणि खडीचा आकार गोलसर होतो, पण बारीक चुराही वाढतो. शेवटी चाळण्यांवरून आकारानुसार खडी वेगळी होते. हलका कचरा काढायला हवेचा झोत किंवा पाण्याची टाकी वापरतात. पाण्याने धुतलेला माल स्वच्छ असतो, मात्र ते पाणी गाळून पुन्हा वापरायची सोय हवी.

४.७५ मिलिमीटरखालच्या चुऱ्यात जुन्या सिमेंटची भुकटी सगळ्यात जास्त असते. काँक्रीटमध्ये वाळूच्या जागी तो घालताना फार सावध राहा. रस्त्याखालचे थर, पेव्हर ब्लॉकखालची बैठक, पाइपांभोवतीची भरणी इथे तो चांगला चालतो.

लहान कामाला स्वतःचा क्रशर घेऊ नका. अंदाजे शंभर-दोनशे टन मालासाठी तो परवडत नाही. जवळच्या प्रक्रिया केंद्राकडे वेगळा केलेला माल पाठवणं किंवा चाकांवरचा क्रशर थोड्या दिवसांसाठी भाड्याने आणणं बरं. अंतर मात्र मोजा. खडी जड आणि स्वस्त असते. ती फार लांब नेली तर वाचवलेल्यापेक्षा डिझेल जास्त जळतं.

पायरी ७: तपासा, मग ठरवा कुठे वापरायचं

साइटवरच करता येणारी चाचणी: बादलीभर पाण्यात दोन घमेली खडी थोडी थोडी टाका. तरंगणारं जे दिसेल ते लाकूड, फोम, प्लास्टिक. पाणी गढूळ झालं तर मातीचं प्रमाण जास्त आहे. हे डोळ्यांचं काम झालं. काँक्रीटसाठी वापरायचं असेल तर प्रयोगशाळेतून चाळणी विश्लेषण, पाणी शोषण, आघात मूल्य (खडी किती ठोके सोसते), क्लोराइड आणि सल्फेट एवढं तरी करून घ्या. समुद्राकाठच्या किंवा रसायनांच्या कारखान्यातल्या काँक्रीटमध्ये क्लोराइड असू शकतं आणि ते नव्या सळयांना गंजवतं.

नव्या काँक्रीटमध्ये ही खडी किती घालायची याला मर्यादा आहेत. भारतीय मानक आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत शुद्ध काँक्रीटपासूनची जाडी खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ पर्यंतच्या (‘एम’पुढचा आकडा काँक्रीटची ताकद सांगतो) आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत आणि एम-१५ खालच्या हलक्या काँक्रीटमध्ये १०० टक्के चालते. विटा मिसळलेल्या राडारोड्याची खडी त्यात फक्त हलक्या काँक्रीटसाठी आहे. ब्रिटिश मानक बीएस ८५०० मध्येही नेहमीच्या संरचनात्मक काँक्रीटसाठी जाड्या खडीच्या २० टक्क्यांची मर्यादा आहे. काँक्रीट आणि वीट यांचे ढीग वेगळे ठेवा असं मी पायरी ४ मध्ये आग्रहाने का म्हटलं, ते इथे कळेल. नव्या माणसाने सुरुवात आरसीसीपासून करूच नये. आधी पीसीसी (बिनसळयांचं साधं काँक्रीट), पेव्हर ब्लॉक, कर्ब (रस्त्याच्या कडेचे ठोकळे) आणि रस्त्याचे थर यांत हात बसू द्या.

रस्त्याखालच्या थरात हा माल खरोखर उत्तम ठरतो. फोडलेल्या काँक्रीटमध्ये न भिजलेलं थोडं सिमेंट उरलेलं असतं, त्यामुळे पाणी मारून रोलर फिरवल्यावर थर काळानुसार आणखी घट्ट होतो. पण पाणी निचऱ्याच्या चराशेजारी जपून. त्यातून झिरपणाऱ्या पाण्यात विरघळलेला चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी जुळून चुनखडीसारखा जमतो आणि गाळणीचं कापड बुजवतो. ते पाणी अल्कधर्मी असल्याने तळी, विहिरी आणि ओढ्यांच्या अगदी लगत असा भराव घालू नका, मासे मरतात.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे समजून घेतली पाहिजे. पुनर्वापराच्या खडीने दगड वाचतो, खाणी वाचतात, टाकायची जागा वाचते. सिमेंट वाचत नाही. सिमेंटची भट्टी सुमारे १४५० अंश सेल्सिअसला चालते आणि चुनखडी भाजताना तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे. जुन्या काँक्रीटचे तुकडे केले तरी नव्या कामाला सिमेंट तेवढंच लागतं. म्हणून जे अखंड काढता येईल ते अखंडच वापरा: पोलादी बीम, दगडी पायऱ्या, पेव्हर ब्लॉक, फरशा. आणि सांगाडा मजबूत असेल तर इमारत पाडण्याऐवजी दुरुस्त करता येईल का, हा प्रश्न पहिल्या दिवशीच इंजिनिअरला विचारा.

पायरी ८: नोंदी

प्रत्येक गाडीची तारीख, माल, वजन आणि पोचल्याची पावती एकाच वहीत ठेवा. पायरी १ मधल्या अंदाजाशी ते आकडे ताडून पाहा. लोखंड अंदाजापेक्षा खूप कमी भरलं तर ते कुठे गेलं ते विचारा. उरलेल्याचा ढीग फुगला असेल तर वेगळं करण्यात कुठे ढिलाई झाली ते शोधा. खडीच्या प्रत्येक मोठ्या खेपेतला किलोभर नमुना पिशवीत भरून तारीख आणि साइटचं नाव लिहून ठेवा, म्हणजे पुढे तक्रार आली तर तपासायला काहीतरी हातात असेल. जो माल भरावात गेला त्याची जागा आणि खोली नकाशावर मांडा आणि ती प्रत जागेच्या कागदपत्रांना जोडा. काही वर्षांनी तिथे कोणी पाया खोदायला घेईल, तेव्हा खाली मूळ मुरूम आहे की भराव, हे त्या माणसाला कळलं पाहिजे.